तार नसलेला सिग्नल

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आले. आज लिहितेय ती रागाने.

दौंड–मनमाड मार्गावर, वांबोरीच्या जवळपास, आमचं स्टेशन होतं. नाव देत नाही... तिथे आधीच बघ्यांची गर्दी फार. घोडेगावच्या बाजाराला जाणारे इथे उतरत, कांद्याच्या गोण्या इथून चढत. पुढे गाड्या थांबेनाशा झाल्या, स्टेशन बंद पडलं. माझे वडील, आप्पा, शेवटपर्यंत तिथले पॉइंट्समन. लिव्हर ओढून तारेने सिग्नलचा हात खाली पाडायचा, म्हणजे गाडीला वाट मोकळी, हे त्यांचं काम. चार महिन्यांपूर्वी ते घरी, कॉटवर, माझ्या हातचं पाणी पिऊन गेले.

महिन्याभरात एक व्हिडिओ फिरू लागला — ‘पछाडलेलं स्टेशन’. गावच्या ग्रुपवरच्या श्रद्धांजलीतून उचललेला आप्पांचा फोटो, आणि खाली: याने इथेच रुळावर जीव दिला.

तो व्हिडिओ करणारा पोरगा सुप्याच्या एका कंपनीत कामाला. त्याला मी भर दुपारी त्या बंद स्टेशनवरच बोलावलं आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. तो ओशाळलाही नाही. मोबाईल माझ्यावर रोखून म्हणाला, "ताई, तुमी रडल्या तरी चालंल. लोकं लई बघतेत."

मी त्याच्या मागे पाहत होते. गंजलेल्या जुन्या सिग्नलचा हात खाली येत होता. अर्ध्यावर थबकला, मग पडला. तार लांब, म्हणून आप्पा लिव्हर दोन झटक्यांत ओढत, तेव्हा तो असाच पडे. पण ती तार कधीच भंगारात गेली. लिव्हर तर उखडूनच नेले. मिनिटभरात एक्स्प्रेस धडधडत गेली. शेवटचा डबा पुढे सरकला आणि हात पुन्हा वर गेला. वारा म्हणावा, तर वारा गाडीची वाट पाहत नाही.

त्याने काहीच पाहिलं नव्हतं. तो स्क्रीनमध्ये माझा चेहरा बघत होता.

"काय दिसलं, ताई? कॅमेऱ्यात सांगा, जुना व्हिडिओ आत्ता काढतो. आईशप्पथ."

आप्पांवरचं किटाळ तिथेच पुसलं गेलं असतं — आणि संध्याकाळी नवं आलं असतं, ‘मुलीनेही बापाचं भूत पाहिलं’. मी "काही नाही" म्हटलं आणि निघाले. या सदरात माझा चेहरा दिसत नाही, म्हणून सांगतेय.

व्हिडिओ अजून तसाच आहे. सिग्नल कुणी पाडला, मला माहीत नाही. आप्पांनी जीव दिला नाही, हे माहीत आहे... भूत बघायला तिथे रोज माणसं येतात. हे ऐकायला एकही नाही.