लाल पट्टीची हार्ड डिस्क

गिऱ्हाइकं त्याला स्माइलभाऊ म्हणत. ‘जरा स्माइल’ म्हणत दिवसभर लोकांना हसवायचा आणि स्वतः मात्र कडू औषध प्यायल्यासारखा चेहरा करून कॅमेऱ्यामागे उभा राहायचा, म्हणून हे नाव. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याबद्दल तो कधी हसलाही नाही आणि चिडलाही नाही.

स्टुडिओ दोघा भावांचा, म्हणजे वडिलांनी दोघांना मिळून दिलेला. पण पाटीवर नाव थोरल्याचं, गल्ल्यावर थोरला आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायलाही थोरलाच. फोटो काढणं, ते कॉम्प्युटरवर धुऊनपुसून गोरेगोमटे करणं, छापणं, कापणं हे सगळं धाकट्याकडे, म्हणजे स्माइलभाऊकडे. धाकट्याने त्याबद्दल कधी तोंड उघडलं नाही, आणि न उघडणाऱ्या तोंडाकडे बघायला दादाला सवड कुठली!

या धाकट्याला एक खोड होती. पासपोर्टचा फोटो काढताना माणूस ताठ बसतो, हनुवटी वर, ओठ मिटलेले. ‘झालं’ म्हटलं की तो सैल पडतो. खांदे उतरतात, चेहऱ्यावरचं उसनं अवसान गळतं आणि क्षणभर त्याचा खरा चेहरा दिसतो, घरी आरशातही न दिसणारा. नेमका त्याच क्षणी स्माइलभाऊ आणखी एकदा बटण दाबायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं, लाइट तपासतोय. वर्षानुवर्षं त्याने हे चेहरे जमवले होते. त्याने आयुष्यात स्वतःचं म्हणून काही केलं असेल तर ते एवढंच.

पण ते ठेवायचे कुठे? स्टुडिओतल्या सगळ्या हार्ड डिस्क दादाच्या. गिऱ्हाइकाचं काम दिलं की डिस्क फॉरमॅट करायची आणि पुढच्या कामाला घ्यायची, ही तिथली रीत. खराब डिस्कला लाल चिकटपट्टी लावून खालच्या खणात टाकायचं. तिला मग कुणी हात लावत नसे. म्हणून पठ्ठ्याने एक चांगली धडधाकट डिस्क घेतली, तिला लाल पट्टी चिकटवली आणि वर कमांड देऊन ती फक्त वाचण्यापुरती करून ठेवली, म्हणजे चुकून कुणी फॉरमॅट मारलं तरी होऊ नये. रोज दुकान बंद करताना तो ते कुलूप काढायचा, दिवसाचे चेहरे आत टाकायचा आणि पुन्हा कुलूप लावायचा. सगळ्यात भरवशाची जागा म्हणून त्याने भंगाराची जागा निवडली. आता याला हुशारी म्हणायचं की मूर्खपणा, ते पुढे कळलंच.

लग्नाच्या एका मोठ्या कामाचं शूटिंग द्यायला डिस्क कमी पडली, तेव्हा दादाने खालचा खण ओढला.

“ही बघ, दिसायला तर नवी कोरी आहे. फॉरमॅट मारून बघ जरा.”

धाकट्याने घाईने लाल पट्टीवर बोट ठेवलं. “खराब आहे ती, दादा.”

“अरे, बघायला काय जातंय?” म्हणत दादा खुर्ची ओढून शेजारी बसलाच.

आता नाटक करणं आलं. त्याने फॉरमॅट दाबलं. डिस्क राइट प्रोटेक्टेड आहे, असा निरोप आला. दादा म्हणाला, केबल बदल. बदलली. दुसऱ्या पोर्टला लाव. लावली. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघ. तेही झालं. कुलूप आपणच लावलेलं आणि किल्ली शोधायचं सोंगही आपणच करायचं! खरं सांगायचं तर धाकट्याला यात थोडी गंमतही वाटत होती. मग दादाने फोन काढला.

“इथे लिहिलंय, कमांड देऊन लॉक निघतं म्हणे. टाइप कर, मी सांगतो.”

धाकट्याने एक अक्षर मुद्दाम चुकवून टाइप केलं. कॉम्प्युटरने कमांड नाकारली. पुन्हा चुकवलं, पुन्हा नाकारली.

“राहू दे,” दादा उठला. “तुला फोटोपलीकडचं काही जमायचं नाही.”

धाकट्याने डिस्क काढून पुन्हा खालच्या खणात टाकली. चेहरे वाचले होते ना, मग झालं तर. एक गोष्ट मात्र त्याला आतून कुरतडत राहिली. डिस्क फॉरमॅट होत नव्हती, पण उघडत तर होती. दादाने एकदा, नुसतं एकदा आत डोकावायला हवं होतं. सांगायची छाती नव्हती, पण दादाच्या नजरेला ते पडावं अशी आस मात्र होती. अशा माणसाचं काय करायचं, सांगा!

दुसऱ्या दिवशी धाकटा एका शाळेत मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायला गेला. परत आला तेव्हा काउंटरवर लग्नवाले गृहस्थ ताटकळत बसले होते आणि दादाच्या हातात डिस्क होती. लाल पट्टी निघालेली, तिच्या जागी नुसता चिकट डाग.

“घे,” दादा खुशीत होता. “दुरुस्तीवाल्याने चुटकीसरशी फॉरमॅट करून दिली. कुणीतरी लॉक करून ठेवली होती म्हणे. चल, यांचं शूटिंग भर लगेच.”

धाकट्याने डिस्क हातात घेतली. पण डोकं चालू होतं. डिस्कवर नवीन काही भरलं नाही, तर उडालेले फोटो अजून परत काढता येतात. नुसतं ‘थांब’ म्हणायचं होतं.

“दादा, आत काय होतं, बघितलंस?”

“बघितलं ना. त्याने उघडून दाखवलं, ठेवायचं का म्हणाला. मी चांगला वेळ घालवून बघितलं. अरे, सगळे बिघडलेले फोटो! कुणाचे डोळे अर्धे मिटलेले, कुणाची मान पडलेली. त्यात माझाही होता एक, पासपोर्टच्या वेळचा.” दादाने आवाज खाली आणला. “शेवटी शेवटी बाबा दिसायचे ना, अगदी तसा दिसत होतो. म्हटलं, उडव आधी.”

“ते माझे फोटो होते, दादा.”

“तुझेच. इथे दुसरं कोण काढतं फोटो? बिघडतात कधीकधी, मी बोललो का काही?”

लग्नवाल्यांनी घड्याळ बघितलं. थांब हा शब्द धाकट्याच्या ओठांपर्यंत आला होता. ज्याला दाखवायचे होते त्याने बघितले होते, चांगले निरखून बघितले होते आणि मगच उडवायला सांगितले होते. आता ते परत काढून दाखवायचे तरी कुणाला?

त्याने डिस्क जोडली आणि शूटिंगचं फोल्डर तिच्यावर टाकलं. डिस्क मुळात खराब नव्हतीच, त्यामुळे काम भराभर उरकलं.