बियाची फुलं

आमच्या धोंडप्पाकाकांना मानाचं वेड फार. कुणी 'अप्पा, बसा' म्हणून खुर्ची पुढं सरकवली की माणूस विरघळलाच. लातूरच्या अलीकडं विहिरीलगत त्यांचा झेंडूचा तुकडा होता, आणि त्या तुकड्याची खरी मालकीण होती शिवम्माकाकू.

दिवाळीचा बाजार झाला की काकू वाफ्यातल्या सगळ्यात टपोऱ्या फुलांच्या देठांना लाल दोरा बांधायची. ही बियाची फुलं. ती झाडावरच काळपट पडून वाळायची आणि तोवर देवपूजेलासुद्धा कुणी त्यांना हात लावायचा नाही. "ते आपल्या येळेनं पिकतंय. आपल्याला कशाची घाई?" असं काकू म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात भांडी विसळलेल्या पाण्यावर तिनं एक ओळ जगवली होती आणि पुढच्या मृगात गावभर बी वाटलं होतं. तेव्हापासून बायका म्हणत, शिवम्माच्या हाताला गुण आहे. वाफा कुणाचाही असो, पहिली चिमूट तिनंच टाकायची.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी दिवाळीनंतर नवे मोठे साहेब गावात यायचे ठरले. हार कुणाचा, असं निघालं तेव्हा सगळ्यांनी काकांकडं पाहिलं, आणि काकांनी मान डोलावली. घरी येऊन पाहतात तर वाफ्यात दोरा बांधलेल्या फुलांशिवाय एक फूल धड नाही. काकू आजारी बहिणीपाशी उदगीरला गेलेली. काकांनी दोरे सोडले, फुलं खुडली, हार ओवला. मग मागाहून आलेली खुरटी फुलं हिरव्या देठानंच तोडली, घरावरच्या सपाट माळवदावर वाळवली आणि काकूच्या नेहमीच्या फडक्यात बांधून ठेवली.

काकू परत आल्यावर ते म्हणाले, "तुझं बी मीच काढून ठेवलंय."

"लई बरं केलं तुमी," काकू म्हणाली. त्या दिवशी तिनं कौतुकानं शेंगदाण्याची पोळी केली. काका अर्धी पोळी ताटातच ठेवून उठले.

मृगात तिनं बी टाकलं. वाफा तसाच राहिला. ती सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायची, वाफ्यापाशी बसून राहायची. शेवटी तिनं बोटानं माती उकरली तर बी कुजलेलं. तेवढ्यात शेजारची गुरम्मा आपलं बी सुपात घेऊन आली आणि म्हणाली, "चल, माझा वाफा राहिलाय."

काकू उठली नाही. "माझ्या हाताचा गुण सरला गं. तुझं बी कशाला नासवू?"

काका ओट्यावरच होते. तोंड उघडायचं सोडून ते खुरप्याला धार लावत बसले. असा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्यांना शरम वाटत नव्हती असं मात्र नाही. तेव्हापासून ते काकूच्या हातचं ताट घेताना मान वर करत नसत.

त्याच पंधरवड्यात कंधारला दिलेली त्यांची लेक रत्नम्मा आली. तिच्या नव्या घराला अंगण होतं, वाफा करून ठेवला होता.

"माय, पहिली चिमूट तू टाकायची हाय. बियाणं बी आणलंय मी," ती म्हणाली.

काकूनं दोन्ही हात पदरात लपवले. "गुरम्माला घेऊन जा."

ते लपवलेले हात काकांना पाहवले नाहीत. तिथंच उभ्यानं, जमिनीकडं बघत, त्यांनी सगळं सांगून टाकलं. दोरे, हार, माळवदावरची हिरवी फुलं. शेवटी म्हणाले, "तुझ्या हाताचं काई न्हाई. पाप माझं हाय."

काकूनं एवढंच विचारलं, "सायबानं हार किती येळ गळ्यात ठिवला?"

"घातला अन् काढला."

"मग?"

"टेबलावर राहिला. सभा उठल्यावर शेळी खात हुती."

काकूनं पदरातून हात बाहेर काढले, उलटेपालथे करून पाहिले, आणि रत्नम्माबरोबर कंधारला गेली. तिथला वाफा दाट उगवला.

पुढच्या मृगात तिनं आपला वाफा भिजवला आणि कंधारहून आणलेल्या बियाची पहिली चिमूट काकांच्या तळहातावर ठेवली.

"तुमी टाका."

"मी?" त्यांनी बी टाकलं, वर माती सारली आणि उठायला लागले.

"बसा," काकू म्हणाली. "उगवंस्तवर हितंच बसा. मी बसले हुते."