आमच्या फ्रीजरमधले नमुने नागपूरला गेले तेव्हा

जबलपूरच्या ज्या कॉलेजात मी नोकरी केली, तिथली बायोबँक माझ्याकडे होती. बँक म्हणजे एका खोलीतले दोन मोठे फ्रीजर आणि त्यांत गोठवून ठेवलेले सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने. मंडला-डिंडोरीकडच्या गावांतून आणि जबलपुरातल्याच घमापूरच्या वस्त्यांतून आमच्या विभागप्रमुख सरांनी ते वर्षानुवर्षं जमवले होते. त्यांच्याबरोबर जीपमधून मीही हिंडले होते. हे रक्त संशोधनाला वापरा, असं त्या लोकांनी समजून-उमजून सांगितलं होतं.

पण ते वापरत कोणीच नव्हतं. सरांनी पूर्वी एकदा बाहेरच्या एका मोठ्या संस्थेला नमुने दिले होते. त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि त्यात आमचा उल्लेख एका ओळीचाही नव्हता. तेव्हापासून कोणीही नमुने मागितले की सर म्हणत, "नहीं. एक बार देकर देख लिया."

मला त्यांचं दुःख कळत होतं. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलीला हाच आजार होता. हातापायांत कळा सुरू झाल्या की ती पोर उशी दातांत धरायची. शहरातल्याच गोरखपूर भागातून बहिणीचा फोन आला की उचलण्याआधीच मी पर्स खांद्याला लावायची.

अशाच एका दुखण्यात आम्ही दोघी वॉर्डात तिच्या उशाशी बसलो होतो. बहीण म्हणाली, "ताई, तुमच्याकडं इतक्या लोकायचं रक्त ठेवून आहे. त्याचं तुम्ही काय करून राहिले?"

"जपून ठेवतो."

"जपून? काहून?"

 मी उठून सलाईनची नळी सरळ केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नागपूरच्या एका संशोधक बाईंचा फोन आला. एकाच आजारात कोणाला फार त्रास होतो, कोणाला जवळजवळ नाही, असं का, हे त्या शोधत होत्या. त्यांचे स्वतःचे नमुने कमी पडत होते. मी सरांना सांगितलं. ते नहीं म्हणाले आणि चष्मा पुसत राहिले.

मग ऐन मे महिन्यात एका फ्रीजरचा कॉम्प्रेसर बंद पडला. अलार्म वाजला तेव्हा आतलं तापमान चढायला लागलेलं होतं. आम्ही हातमोजे चढवून रॅक दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवू लागलो. तो आधीच भरलेला. कुठे काय कोंबू, असं झालं. सर माझ्या शेजारी उभं राहून एकेक रॅक पुढे करत होते. हाही बंद पडला तर, हा विचार आम्हा दोघांच्या मनात होता.  सगळं आत मावलं तेव्हा सर तिथेच स्टुलावर बसले.

"सब एक ही कमरे में रखा है हमने," ते म्हणाले. मग विचारलं, "वो नागपुर वाली मैडम का नंबर है?"

मी स्पीकरवर फोन लावला. सरांनी सरळच विचारलं, की आमच्या बायोबँकेचं नाव निबंधात येणार का, आणि जे सापडेल ते आम्हाला आणि त्या रुग्णांना कळवणार का. बाई म्हणाल्या, "सर, नमुने तुमचे, तर नाव तुमचंच येणार. तुम्ही करारात लिहून घ्या." सरांनी लिहून घेतलं. कॉलेजच्या नीतिसमितीची परवानगी यायला पावसाळा उलटला.

नमुन्यांचे खोके घेऊन मीच कॉलेजच्या गाडीने निघाले. थर्माकोलच्या आत ड्राय आइस, म्हणजे कोरडा बर्फ, होता. सिवनीच्या पुढे ट्रक उलटल्याने रस्ता अडला आणि आम्ही उन्हात उभे. आतला बर्फ किती उरला असेल ते कळेना आणि झाकण उघडून पाहायची हिंमत होईना. ड्रायव्हर भैया चहा घ्यायला बोलावत होता. मी खोक्यांजवळून हलले नाही. नागपुरात बाईंनी खोके उघडले, तळाशी अजून बर्फ उरला होता. मी एकेक खोका वाकून पाहिला. त्यांनी मला खुर्ची दिली.

निबंधाची वाट पाहणं त्याहून अवघड होतं. पुन्हा आपल्याला विसरले तर सरांना काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात. अखेर निबंध आला. आमच्या बायोबँकेचं नाव संशोधन-पद्धतीच्या भागातही होतं आणि संदर्भांतही. सरांनी ते पान दोनदा वाचलं आणि म्हणाले, "गाँव वालों को भी बताना पड़ेगा."

भाचीला त्यातून औषध मिळालं नाही. तसं इतक्यात मिळत नसतं. तिच्या कळा चालूच आहेत. निबंध आला त्याच हिवाळ्यात ओडिशातून एका डॉक्टरांनी नमुने मागितले, तेव्हा सरांनी मला बोलावून एवढंच विचारलं, "किस काम के लिए चाहिए?"