अर्धा मफलर

मी धसईला शिक्षक होतो तेव्हा समोरच्या घरातले काका ओटीवर छोट्या हातमागापाशी बसून मफलर विणत असायचे. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, त्यामुळे साधं "या, बसा"सुद्धा ते भांडल्यासारखं ओरडून म्हणत. मफलर कोणासाठी, असं मी विचारलं की नुसते हसायचे. त्यांना ऐकू यायचं नाही की सांगायचं नसायचं, ते मला कधीच कळलं नाही.

शेजारच्या घराशी शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं. एका थंडीच्या सकाळी त्या घरातल्या म्हातारीला तापाने हुडहुडी भरली. मुरबाडच्या दवाखान्यात न्यायला आलेल्या उघड्या जीपमध्ये ती थरथरत बसली होती. काकांनी मान वर करून पाहिलं, कात्री घेतली आणि मागावरचा अर्धा मफलर उभ्या धाग्यांसकट कापला. लोंबत्या धाग्यांसह तो म्हातारीच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि परत येऊन मागापाशी बसले.

म्हातारी बरी होऊन घरी आली, तेव्हा तिची सून मफलर धुऊन, घडी करून ओटीपाशी आली. वर मात्र चढेना.

"तुमचा मफलर, काका."

"सासूलाच ठेव गो!" ते ओरडले. "पन गाठी नाय मारल्या तर उसवंल सगला. बस, दाखवतो."

ती पायरीवर बसली. तिने धागे ताणून धरले, आणि ते वाकून एकेक गाठ मारू लागले.