अमेरिकेच्या भाड्यावरचं पोळीभाजी केंद्र

फुकट काही मिळायला लागलं की मला आधी संशय येतो. पाटबंधारे खात्यात कारकुनी केली की ही सवय लागतेच. आमच्या वस्तीतला एक मुलगा कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेला आणि तिथल्या आपल्याच समाजातल्या काही लोकांना जमवून त्याने कळवलं, की वस्तीतल्या बायकांना धंदा उभा करून द्यायचा आहे. लोक नुसते हरखले. मी म्हटलं, "ह्यात त्याला काय मिळतं, ते आधी विचारा."

"तू जरा तोंड आवर," अक्का म्हणाली.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती सदाशिव पेठेत घरोघरी स्वयंपाक करायची. तिथे ती भलतंच आडनाव सांगायची. आमचं सांगितलं असतं, तर भांडी घासायला ठेवली असती, पण ओट्याला हात लावू दिला नसता. हे मला कळलं तेव्हा मी तिच्याशी कडाकडा भांडले. ती शांतपणे म्हणाली, "तुला सरकारी नोकरी आहे. तू खरं बोल." चैत्रात एक बाई तिला प्रेमाने डाळ आणि पन्हं द्यायच्या, आणि अक्काच्या घशाखाली घोट उतरायचा नाही. कुणी ओळखीचं जिन्यावर भेटलं तर काय, एवढंच तिच्या डोक्यात असायचं. तिला स्वतःच्या नावाने स्वयंपाक करून विकायचा होता, दुसरं काही नको होतं.

त्यामुळे अमेरिकेच्या पैशातून रस्त्यालगत गाळा भाड्याने घेतला, शेगड्या आल्या, तेव्हा अक्काने सगळी घरं एका दिवसात सोडली. एखादं तरी ठेव, असं मी परोपरीने सांगितलं. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उठत होत्या आणि गावोगावची पोरं तिथे येऊन मिळेल ते खात होती. धंदा चालेल हे मलाही दिसत होतं. पण तो अमेरिकेतला गृहस्थ दर महिन्याला फोटो मागायचा, बायका एकसारख्या साड्यांत, हसताना. हे फोटो दाखवून तिकडे वर्गणी गोळा होत असणार आणि निम्मी तिकडेच मुरत असणार, हा माझा हिशोब. पाटीही त्यानेच ठरवली, 'पुणेरी घरगुती पोळीभाजी'. आमच्या घरात जन्मात कुणी पोळी म्हटलं नव्हतं, आम्ही चपाती म्हणतो. हा कुणाला फसवतोय, ते मला कळेना.

मग हिंजवडीतल्या एका कॅन्टीनचा कंत्राटदार केंद्र बघायला येणार असं ठरलं. ते काम मिळालं असतं, तर भाडं आमचं आम्हालाच भागवता आलं असतं. नाही मिळालं, तर अमेरिका तरी किती दिवस भाडं भरणार? म्हणजे अक्का परत पेठेत, परत त्या खोट्या आडनावाखाली. आदल्या दिवशी माझ्या घरी अमेरिकेहून फोन आला.

"ताई, उद्यापुरती भिंतीवरची बुद्धाची तसबीर काढून ठेवाल का? आणि त्यांनी आडनाव विचारलं तर..."

"तर काय?"

"अक्कांना सवय आहे ना."

मी फोन आपटला. अक्काला सगळं सांगितलं. ती कणीक मळत राहिली. आता मला तिचाच संशय यायला लागला. सकाळी केंद्रात शिरल्या शिरल्या मी आधी भिंतीकडे बघितलं. तसबीर जागेवर होती, ताजी फुलंही वाहिलेली होती.

कंत्राटदार माणूस बोलायला गोड. मांडी घालून जेवला, भाजी परत मागून घेतली.

"वा! अगदी घरच्यासारखं. आपलं आडनाव काय म्हणालात?"

"अजून म्हणाले नाही," अक्का म्हणाली, आणि तिने सांगितलं. आमचं.

तेव्हा कुठे त्याची नजर भिंतीवर गेली. मग त्याचा आवाज आणखी गोड झाला. "माझं काही नाही हो, आम्ही घरात असलं काही मानत नाही. पण खाणारे निरनिराळे असतात. काम मी तुम्हालाच देतो. फक्त कुणी विचारलं, तर दुसरं एखादं आडनाव सांगा."

"इतकी वर्षं तेच सांगत आले," अक्का म्हणाली. "आता नाही सांगणार."

त्याने ताटातलं संपवलं, हात धुतले, कळवतो म्हणाला. कळवलं नाहीच.

दोन-तीन दिवसांनी पुन्हा अमेरिकेचा फोन. अक्का माझ्याकडेच बसली होती. मी झालेलं सांगितलं आणि तो आता भाडं कसं बंद करतो ते ऐकायला तयार राहिले. त्याला सुनवायची वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. तो म्हणाला, "ताई, माझ्या ऑफिसात पुण्याचीच बरीच मुलं आहेत. शनिवारी आम्ही एकमेकांकडे जेवायला जातो. मी कोण, ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही."

माझी जुळवलेली वाक्यं फुकट गेली. त्याचा राग आला, आणि रडूही आलं. एवढा समुद्र ओलांडून हा तिथे पन्हं पीत बसला होता, आमच्या अक्कासारखा.

अक्काने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

"हे बघ, भाडं दिवाळीपर्यंत दे. पुढचं आमचं आम्ही बघतो. हिंजवडीत वसतिगृहं काय थोडी आहेत? एकेकाच्या दारात जाईन, नाव सांगेन, घेतील ते घेतील." मग म्हणाली, "आणि सुट्टीला येशील तेव्हा तुझ्या त्या मित्रांना इथे जेवायला आण. पण आधी त्यांना सांगून आण."

तिकडून काहीच ऐकू येईना. लाइन तुटली असणार, मी म्हटलं. अक्काने हातानेच मला गप्प केलं आणि रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली.