निकाली खटल्यांत शोधणारा गौतम

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी दुपारचा जेवायला बसलो होतो. "भाऊजी, गेले हो ते," एवढंच त्या म्हणाल्या. अकोल्याच्या दवाखान्यात अकरा दिवस त्यांचा नवरा, माझा दोस्त गौतम पडून होता, शुद्धीवर आलाच नाही. मी हातातली भाकर भिंतीवर भिरकावली, ताट लाथेनं उडवलं. बायकोनं सांडलेलं गोळा केलं. माझा राग तिला नवा नाही. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला...

डोणगावच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याला कुणी वस्तीवरून डिवचलं की मी दगड उचलायचो. दोघांची डोकी फोडलीत मी त्याच्यापायी. गौतमच मला मागे ओढायचा. पुढे मी एसटीत वाहक झालो आणि त्यानं बसस्थानकासमोर ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान टाकलं. अर्ज भरणारे गावात चार होते, पण शोधणारा एकच. आजोबांच्या नावचा जुना फेरफार असो की यादीतून गायब झालेलं अनुदान, लोक जानेफळहून त्याच्याकडे यायचे. निवृत्तीनंतर माझी पेन्शन अडली तेव्हा मी त्याच्या संगणकावर शोधायच्या चौकटीत भलंमोठं वाक्य टाइप केलं, माझी फाईल कुठे अडकली म्हणून. तो खो खो हसला. "त्याले काय माहीत बे तुही फाईल? ज्या कार्यालयानं ती लिहून ठेवली असंल, त्याच्या साइटवर जा. तिथं नंबर टाक. बाकी सारं खोड." दहा मिनिटांत फाईल सापडली. मी मात्र चिडलो, कारण दुकानातली सगळी माणसं मला हसत होती.

माझ्या मनीषाला लोणारकडचं स्थळ आलं ते माझ्या साडूनं आणलं. मुलगी एकोणतीस वर्षांची, आधीची दोन स्थळं मोडलेली. मी घायकुतीला आलो होतो. मुलाचं एक लग्न झालं होतं, पण पहिली नांदली नाही, आपसात सुटका झाली, असं साडूनं सांगितलं. आमच्याकडे चौकशी म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांना विचारणं. ज्याला त्याला विचारलं, तो म्हणाला घर चांगलं आहे. एका पोरानं मोबाइलवर लोणारच्या कोर्टाच्या नोंदींत मुलाचं नावही शोधून पाहिलं. काही निघालं नाही. मी निर्धास्त होऊन साखरपुड्याची तारीख काढली.

गौतमला ते पटलं नाही. त्यानं माझ्या बायकोकडून पहिल्या बाईचं माहेर काढून घेतलं. शेजारच्या जिल्ह्यातलं गाव होतं. मग तिथल्या कोर्टाच्या नोंदी उघडून बसला. लग्नाचं साल, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. आठवड्यानं कागद घेऊन घरी आला. "बाई मार खाऊन कुठं जाते? मायच्या घरी. मंग केस तिथंच पडते ना बे. आन् लोक चालू खटले पायतात, निकाली झालेले कोणी उघडत नाही."

मी कागद न वाचताच त्याच्या कानाखाली वाजवली. "माह्या पोरीचं लग्न मोडतं काय?" असं ओरडलो. चष्मा लांब जाऊन पडला. गौतमनं तो उचलला, शर्टाला पुसला आणि म्हणाला, "वाच आधी. मंग पुन्हा मार."

वाचलं. निकालपत्रात त्या पहिल्या बाईची फिर्याद लिहिली होती. तापलेल्या उलथण्यानं मांडीला डाग. पुढचे दोन दात पाडलेले. चौथ्या महिन्यात पोटावर लाथा. खाली साक्षी होत्या. तिच्या बापानं शपथेवर सांगितलं होतं की पोरगी न्हाणीत घसरून पडली, सासरच्यांविरुद्ध तक्रार नाही. सारे निर्दोष सुटले. त्या बापाची मला किळस आली. मनीषानं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि दोनदा वाचला. "बाबा, काकांची माफी मागा," म्हणाली. मी मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी कागद खिशात घालून तसाच मुलाच्या घरी गेलो, चार माणसांत तमाशा केला. मुलाचा बाप शांतपणे म्हणाला, "सांगितलं कोनं?" आमच्यात सोयरीक मोडणाऱ्यानं सांगणाऱ्याचं नाव द्यावं लागतं. नाही दिलं तर लोक म्हणतात, खोट पोरीतच असेल. मी नाव दिलं. गावही सांगितलं, दुकानही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गौतमच्या दुकानावर चौघं आले, लोखंडी रॉड घेऊन. मी समोरच्या टपरीवर चहा घेत होतो. पहिला घाव संगणकावर, दुसरा गौतमच्या हातावर, तिसरा डोक्यावर. शिव्या त्याच्या जातीवरून होत्या. त्या मी इथे लिहीत नाही. मी धावत गेलो, त्यांच्यातल्या नवऱ्या मुलाचा गळा धरला, तर माझं मनगट मोडलं. स्टँडवर पन्नास माणसं उभी होती. कुणी हललं नाही. गौतमचं रक्त कीबोर्डच्या फटींत उतरत होतं आणि मी एका हातानं त्याचं डोकं धरून सगळ्यांना आयमायवरून शिव्या देत होतो.

त्याच दिवशी मी पोलिसांना जबाब दिला. कोणी मारलं ते सांगितलं. त्यांना कळलं कसं, हे मात्र गिळलं. अंत्यविधीनंतर वहिनी तोच प्रश्न विचारत राहिल्या. "भाऊजी, ह्यायचं नाव त्यांले कसं समजलं हो?" मी मान खाली घालायचो. मग साडू आला. "झालं ते झालं. गर्दीत तुले नीट दिसलं नाही, असं म्हन. पोरीचं लग्न व्हायचं हाये अजून." मी त्याला कॉलर धरून दाराबाहेर काढला. पण दार लावल्यावर मला पोरगी न्हाणीत घसरली म्हणणारा तो बाप आठवला.

मागच्या सोमवारी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब दिला. कागद आणला म्हणून गौतमच्या कानाखाली मी वाजवली होती हे सांगितलं, त्याचं नाव मीच फोडलं हेही. लिहून घेणारा हवालदार थांबला. "काका, हे कायले लिहाचं? तुमचीच अडचण होईल."

"लिहा," मी म्हटलं. त्यानं वाचून दाखवलं, मी सही केली.

तिथून थेट वहिनींकडे गेलो. ओट्यावर उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मला बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या घरात गेल्यावर पाण्याचा तांब्या मला आजवर कधी मागावा लागला नव्हता. मी बराच वेळ बसलो. तांब्या आला नाही, त्याही बाहेर आल्या नाहीत... मी उठून चालू लागलो.