क्षणाचे आठ सूत

माझ्या नंदुरबारच्या घरमालकांइतका हट्टी माणूस मी पाहिलेला नाही. आणि मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते, म्हणजे हट्टी माणसांशी माझा रोजचा संबंध आहे. चाचा धंद्याने सुतार. खाली दुकान, दुकानामागे त्यांची खोली, वर मी भाडेकरू. कानावर पेन्सिल ईदच्या दिवशीही असायची. जगातली कुठलीही गोष्ट ते सुतात मोजत, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. मी खोली बघायला गेले त्या दिवशी त्यांनी मला नावगाव विचारण्याआधी सांगितलं, "मॅडम, तुम्हनी डावी चप्पल एक सूत जास्त झिजेल शे." मी जवळच्याच ब्राह्मणपुरी गावची, हे कळल्यावर ते माझ्याशी कायम अहिराणीत बोलू लागले. चाचींशी हिंदीत बोलत. पुढे संगणक आला, त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलत ते त्या दोघांनाच ठाऊक.

चाची आणि चाचा रोज दुपारी जेवण झालं की दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून कॅरम खेळत. दोन्ही मुली लग्न होऊन सुरतेला गेलेल्या, त्यामुळे घरात तिसरं कोणी नसे. बोर्ड चाचांनी स्वतः बनवलेला, आणि जिंकत मात्र नेहमी चाची. बाहेरच्या कोणी त्यांना खेळताना पाहिलं नव्हतं. मी एकदा जिन्यावरून पाहिलं. चाची राणी घेऊन शांतपणे पदर सावरत होत्या आणि चाचा गुडघ्यावर बसून बोर्डाखाली लेव्हल लावून बघत होते. हरले की बोर्डात खोट निघालीच पाहिजे, असा त्यांचा शास्त्रीय दृष्टिकोन होता.

मग एका सकाळी चाचींची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून परत आल्या तेव्हा हात लाकडासारखा पडून राहिलेला आणि तोंडात चारपाच शब्द उरलेले. डावा अंगठा तेवढा चांगला चालत होता. मुलींनी फोनवर कॅरमचा गेम टाकून दिला. चाचींनी दोन डाव पाहिले आणि फोन उलटा ठेवला. चाचांनी तो तासभर तपासला आणि मला निकाल दिला, "बोर्ड भलता गुळगुळीत शे. भिंत बी खोटी. असा बोर्ड दुनियामां नही. मी बनावस."

लाकडी नव्हे, संगणकातला. दारांवर नक्षी कोरायच्या यंत्रासोबत दुकानात एक संगणक आला होता, आणि आडवं अंतर, उभं अंतर याची त्यांना त्या यंत्रामुळे सवय होती. बाकीचं ते हिंदी व्हिडिओ बघून शिकणार होते. पहिल्या व्हिडिओत गुरुत्वाकर्षण होतं, म्हणून त्यांनीही ते घातलं. एक गोल काढला, तो खाली पडू लागला आणि पडद्याबाहेर गेला. चाचा वर आले. "गोटी खाले पडनी. पन गई कोठे?" मी सांगितलं, खाली जमीनच लिहिलेली नाही, त्यामुळे ती अजून पडतेच आहे. हे त्यांना फार आवडलं. त्यांनी ती दिवसभर पडू दिली, संध्याकाळी आकड्याचे सूत केले, सुतांचे मैल केले. "दोंडाईचा तं कव्हयच गयं," ते म्हणाले. कॅरम वरून बघायचा असतो, त्यात गुरुत्वाकर्षण लागतच नाही, हे मी आठ दिवसांनी सांगितलं. त्यांनी न रागावता सगळं खोडलं.

पुढे सोंगट्यांची टक्कर. दोन सोंगट्या आदळल्या की एकमेकींत रुतून बसायच्या आणि थंडी भरल्यासारख्या थरथरत राहायच्या. मी त्यांना कागदावर मांडून दिलं की दोन्ही केंद्रं जोडणारी रेघ काढायची, त्या रेघेवरचा वेग एकीने दुसरीला द्यायचा, आणि रुतल्या असतील तेवढ्या दोघींनी अर्ध्या अर्ध्या मागे सरायचं. चाचांनी ते खरं आहे का हे दोरी आणि काटकोन मापायचा गुण्या घेऊन लाकडी बोर्डावर तपासलं. कोरीट गावचे एक गृहस्थ दाराची चौकट घ्यायला आले होते, त्यांच्या हातात घड्याळ देऊन बसवलं. सोंगटी किती वेळात थांबते, हे चाळीस वेळा मोजून झाल्यावर त्यांना कळलं की चौकट अजून झालेलीच नाही. ते न भांडता परत गेले. चाचींचं गावाला माहीत होतं.

सगळ्यात वाईट खोड स्ट्रायकरची. जोरात मारला की तो भिंतीला न लागता आरपार निघून जाई. संगणक सतत बघत नाही, सेकंदाला साठ वेळा डोळे उघडतो. एकदा उघडले तेव्हा स्ट्रायकर भिंतीच्या अलीकडे असतो, पुढच्या वेळी पलीकडे. भिंतीला पत्ताच नसतो. हे मी समजावलं. उपाय सुचवणार तोच ते म्हणाले, "इंचना आठ सूत करतस ना आपन? तसा त्या क्षणना बी आठ करू." आणि खरंच तेच उत्तर होतं. माझ्या एकाही विद्यार्थ्याला ते असं सुचलं नसतं. मी त्या दिवशी कॉलेजात दोघातिघांना हे कौतुकाने सांगितलं.

आता कौतुकाचं बाजूला ठेवून सांगायला हवं. हे सगळं चालू होतं ते वर्षभर, आणि वर्षभर चाची भिंतीच्या मागे एकट्या पडून होत्या. धुणंपुसणं करायला एक बाई येई. औषधाची वेळ चाचांनी कधी चुकवली नाही. पण गोळी दिली, पाणी दिलं, "बस, थोडा बाकी है" म्हणाले, की परत दुकानात. पाठीला जखमा झाल्या. चाची बारीक होत गेल्या. मी कॉलेजातून आले की त्यांच्याजवळ टेकत असे. एकदा त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि फार वेळ घेऊन म्हणाल्या, "बैठने बोल उनको."

मी चाचांना सांगितलं नाही. त्या आठवड्यात ते घर्षणावर होते, पावडर टाकल्यावर सोंगटी किती लांब जाते यावर, आणि मला त्यांचे प्रश्न आवडत होते. कॉलेजात मला असे प्रश्न कोणी विचारत नव्हतं. काम होत आलं आहे, झालं की बसतीलच, अशी मी समजूत घातली. ती चाचींची नव्हती, माझीच होती. चाचींनी जेवण टाकलं तेव्हा मी दुकानात उभी राहून सांगितलं. चाचांच्या हातात कागद होता. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

"कव्हय बोलनी ती?" त्यांनी विचारलं.

"महिना झाया, चाचा."

ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वायरी काढल्या, संगणक उचलून आत नेला आणि चाचींच्या खाटेशी स्टूल लावलं.

त्या दिवशी त्यांनी संगणकाला जोडलेल्या फोनवर आपला गेम घालून तो चाचींच्या हातात दिला. सगळं बरोबर होतं. भिंत लाकडासारखी, पावडर पावडरीसारखी. चाचींनी अंगठ्याने एक सोंगटी घेतली, दुसरी घेतली आणि तोंड फिरवलं. चाचा गोंधळून चूक शोधायला लागले, आणि शोधताना क्षणाचे आठ भाग करणारी ओळ चुकून पुसली गेली. पुढचा स्ट्रायकर भिंत फोडून नाहीसा झाला. त्याच्यामागे राणीही गेली. चाची हसल्या. अर्ध्या तोंडाने, आवाज करत. हसता हसता लाळ आली, ती चाचांनी पुसली. "फिर से," त्या म्हणाल्या.

त्यानंतर रोज दुपारी ते तिथे बसत आणि वर्षभर एकेक करून काढलेल्या चुका चाचींच्या फर्माइशीने परत घालत. सोंगट्या थरथरल्या. आदळून दुप्पट वेगाने उधळल्या. एकदा गुरुत्वाकर्षणही आलं आणि सगळा बोर्ड खाली घसरून गेला. चाचा खोटं खोटं रागवायचे, "अरे, मेरी मेहनत," आणि चाची पुन्हा "फिर से". मी वर वह्या तपासत ऐकत असे. असे जेमतेम तीन आठवडे मिळाले. एका दुपारी खालून काहीच ऐकू आलं नाही म्हणून मी उतरले. चाचा त्यांचा हात धरून बसले होते आणि हात थंड होता.

माझी बदली झाली. मी आता धुळ्याला असते. बोर्डाचं काय केलं, गेमचं काय केलं, हे मी त्यांना विचारत नाही. त्यांच्या एका मुलीने सांगितलं, गिऱ्हाईक कितीही घाईचं असो, दुपारी दुकान बंद असतं. परवा दोनच्या सुमाराला सहज फोन लावला. त्यांनी लगेच उचलला.

"काय करी ऱ्हायनात, चाचा?"

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"काही नही, मॅडम," ते म्हणाले. "बठेल शे."